एकटीची गर्दी

गर्दी करायला निदान सहा-सात माणसं लागतात, असं मी आयुष्यभर समजत आले. आता मुलुंडच्या माझ्या वन रूम किचनमध्ये कपाटाचं दार उघडं टाकून, डोकं आत घालून मी एकटीच गर्दी करते. लग्नातली, बाजारातली, मयताची, सांगाल ती.

माझा धंदाच तो आहे. पडद्यावर नायक-नायिका बोलत असतात तेव्हा त्यांच्या मागे जी माणसं कुजबुजतात, भाव करतात, रडतात, ‘मारा मारा’ म्हणून धावतात, त्यांचे आवाज शूटिंगच्या वेळचे नसतात. ते नंतर स्टुडिओत भरतात. धंद्यात त्याला क्राउड म्हणतात आणि आम्हाला क्राउडवाले. दक्षिणेकडचे सिनेमे हिंदीत यायचे, परदेशी कार्टून मराठीत यायची, मालिका तर रोजच्याच. सगळ्यांना मागची माणसं लागायची. सिनेमा संपल्यावर जी नावं सरकतात त्यांत आमचं कधी आलं नाही, आणि आलं असतं तरी वाचायला थांबलंय कोण?

अंधेरीला, लिंक रोडच्या आतल्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात आमचा नेहमीचा स्टुडिओ होता. मधोमध एक माइक आणि त्याच्याभोवती आम्ही अर्धगोल करून उभे. जाड आवाजाचे मागे, किनऱ्या आवाजाचे पुढे. लाल दिवा लागला की तोंड बंद. श्वास रोखायचा, बांगड्या मुठीत धरायच्या, आणि कुणाचं पोट गुरगुरलं तर सगळ्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं. मग समोर पडद्यावर बाजार सुरू झाला की रेकॉर्डिस्ट काचेमागून हात खाली करायचा आणि आम्ही एकदम सुटायचो.

आता यातली गंमत सांगते. क्राउडमध्ये काय बोलायचं हे कुणी लिहून देत नसे. शब्द कळता कामा नयेत, नुसता माणसं बोलत असल्याचा भास हवा. नवशिके ‘भाजी घ्या, भाजी घ्या’ करत राहायचे. आम्ही मुरलेले लोक मात्र आपापलंच बोलायचो. पडद्यावर राजाचा दरबार भरलेला आणि मागचे दरबारी एकमेकांना सांगतायत, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घाटकोपरला कालपासून नळाला पाणी नाही, पोरगी पुन्हा गणितात गचकली. चहाच्या वेळी हीच माणसं क्रिकेटवर आणि राजकारणावर बोलायची. घरचं काही निघालं की विषय बदलायची. पण लाल दिवा लागून गर्दी सुरू झाली की सगळी मोकळी व्हायची. आमच्यातली एक जण एकदा मयताच्या सीनमध्ये नवऱ्याच्या दारूबद्दल खरंच रडली होती. टेक संपल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला, “ताई, झकास! असंच अजून एकदा द्या ना.” तिने दिलंही.

तो मला त्याच अर्धगोलात भेटला. म्हणजे माझा नवरा. त्याचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडल्यावर सगळं बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत आलं. तो बोलक्या अस्वलाचा आवाज करायचा, दारुड्याचा करायचा, म्हाताऱ्या हवालदाराचा करायचा. एका कार्टूनमधल्या हिरव्या राक्षसाचा त्याने इतकी वर्षं केला की आमच्या सोसायटीतली पोरं त्याला बघून पळायची आणि पुन्हा परत यायची. त्याचा स्वतःचा आवाज मात्र अगदी साधा होता, जरासा खाली बसलेला. त्या आवाजाला कुणी कधी काम दिलं नाही.

माझ्या माहेरी, भांडुपला, रोज संध्याकाळी बुद्धवंदना. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. दोन्ही घरी कळलं असतं तर वाट लागली असती. फोन घरात एकच आणि तोही हॉलमध्ये, सगळ्यांच्या कानावर. टपरीवर दोघंच उभे राहिलो तर युनिट बघणार आणि युनिटला दुसरं कामच काय! त्यामुळे आम्ही भेटायचो ते फक्त क्राउडमध्ये. तो माझ्या मागे उभा राहायचा, आणि बाकीचे हिंदीत कल्ला करत असताना माझ्या कानाशी मालवणीत पुटपुटायचा, “जेवलंस काय गो?” मीही पुढे बघत, हात हलवत, भाव केल्यासारखं करत सांगायची, “डब्यात भेंडी होती. तुझं काय?” राजदरबारात, दंगलीत, विमानतळावर, कुठे कुठे म्हणून फिरलो आम्ही. तळघरातून पाऊल बाहेर न टाकता.

आणि मग ती जत्रा. दक्षिणेकडच्या एका सिनेमात देवीची जत्रा होती आणि नायिका त्या गर्दीत हरवलेल्या भावाला हाका मारत फिरते. “भैया! भैया, कहाँ हो?” तिचं बोलणं आधीच रेकॉर्ड झालं होतं, आम्हाला फक्त मागची जत्रा द्यायची होती. मी बांगड्या घेणारी बाई होते. लाल दिवा लागला, हात खाली झाला, आणि त्या सगळ्या गलक्यात तो माझ्या कानाशी म्हणाला, “माझ्याशी लगीन करशीत गो?”

माझी बोलतीच बंद झाली. क्राउडवालीने क्राउडमध्ये गप्प बसणं म्हणजे किती वाईट ते तुम्हाला नाही कळायचं. टेक संपला. काचेमागून आवाज आला, “चांगला आहे. एक सेफ्टी घेऊ.” सेफ्टी म्हणजे हाताशी असावा म्हणून घेतलेला जास्तीचा टेक. पुन्हा दिवा लागला. मी पडद्यावरच्या बांगडीवाल्याकडे बघत खणखणीत म्हटलं, “करीन की! एवढं विचारायला जत्रा लागली होय रे तुला?” या वेळी गप्प बसण्याची पाळी त्याची होती. सगळा टेक तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “एक आवाज कमी वाटतोय. पण चालेल.”

सिनेमात दोनपैकी कुठला टेक लागला ते आम्हाला कधीच कळलं नाही. भांडुपच्या थिएटरात जाऊन बघितला तर तिथल्या भोंग्यांतून नायकसुद्धा धड ऐकू येत नव्हता, आमचं काय घेऊन बसलात. पुढे घरात कुठल्याही गोष्टीवरून वाजलं की तो म्हणायचा, “तुझाच टेक लागलाय. म्हणून एवढा आवाज आहे तुझा.” मी म्हणायची, “तुझाच लागलाय. मी अजून हो म्हटलेलंच नाही.” हा विनोद आम्ही संसारभर पुरवला. मूलबाळ झालं नाही, पण घरात आवाजाची कमी नव्हती.

मग स्टुडिओत कॉम्प्युटर आले. आधी नुसते कोपऱ्यात होते, नंतर सगळीकडे तेच झाले. आम्हाला कामाला बोलावणारा कोऑर्डिनेटर म्हणाला, आता सगळे एकदम नको, एकेक जण आत या, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवून नंतर हवा तसा मिसळता येतो. बाहेर बाकावर नंबर लावून बसायचं. आत गेलं की कानात हेडफोन, आणि हेडफोनात आधी येऊन गेलेल्यांची गर्दी. ती माणसं तोवर बसस्टॉपवर पोचलेली असायची. त्यांच्याशी बोलायचं.

तरी आम्ही दोघांनी त्यातूनही वाट काढली. तो मुद्दाम माझ्या आधी आत जायचा. माझी पाळी आली की हेडफोनात, दंगलीच्या मधोमध, त्याचा आवाज यायचा, “जाताना कोथिंबीर घे गो, घरातली संपली.” मी उत्तर द्यायची, “तूच घे ना, बाहेर बसून काय करतोयस?” ते त्याला ऐकू जायचं नाही. बाहेर आल्यावर माझं तोंड बघून त्याला कळायचं.

नंतर तयार गर्दी मिळायला लागली. बटण दाबलं की बाजार, बटण दाबलं की मयत. आता तर मशीनच गर्दी बनवतं, हवी तेवढी माणसं, हव्या त्या वयाची. आमचा अर्धगोल कधी मोडला ते सांगता येणार नाही, कारण कुणी मोडला म्हणून जाहीर केलंच नाही. कामं येईनाशी झाली एवढंच. एक जण गावी गेला, एकीने डबे सुरू केले, काही नुसते दिसेनासे झाले. मशीनच्या गर्दीत एकच खोट आहे. ती बोलत नाही, नुसती घोंघावते. म्हणून अजून अधूनमधून मला मेसेज येतो, ताई, वरून थोडे खरे शब्द द्या. भाजी शिजून तयार असते आणि माझं काम वरून कोथिंबीर भुरभुरायचं. तेही घरूनच, कपाटात तोंड घालून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तो गेला. दुपारचा चहा समोर होता. छातीत कळ येतेय म्हणाला आणि मी खाली रिक्षा थांबवून वर येईपर्यंत संपला होता. हे एवढंच आहे. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा दहिसरहून नणंदेचा फोन आला. ही त्याची थोरली बहीण. आमच्या लग्नाला आली नव्हती, पुढे बरीच वर्षं बोललीही नाही, पण तो गेल्यापासून दर रविवारी फोन करते. दोघींनाही फार काही बोलता येत नाही. जेवण झालं का, गुडघा कसा आहे, एवढं होतं. त्या दिवशी ती जरा थांबून म्हणाली, “तुझ्याकडे त्याचो आवाज असतलो ना गो? माझ्याकडे नुसते फोटो आहेत. सगळी जमतील, तेव्हा एकदा ऐकवू. मला विसरायला होतंय, तो कसा बोलायचा ते.”

मला हसू आलं. म्हटलं, “ताई, आवाजाच्या माणसाचा आवाज मागताय? पोत्याने आणते.”

फोन ठेवला आणि शोधायला बसले. माझ्या मोबाइलमध्ये त्याचे कितीतरी व्हिडिओ होते. भाच्याच्या लग्नातले, गणपतीतले, एकदा माथेरानला गेलो होतो तिथले. पहिला लावला. तो पंगतीत बसलाय, ताटात जिलबी आहे, कॅमेरा त्याच्यावर येतो आणि तो तोंड मिटून घेतो. श्वास रोखतो. डोळे मोठे करून हसतो, पण गप्प. दुसरा लावला. गॅलरीत उभा आहे, कॅमेऱ्यामागे मी आहे, तोही गप्प आणि मीही गप्प. फक्त कावळे. तिसरा, चौथा, सगळे तसेच. माथेरानच्या व्हिडिओत तर तो हातातल्या चण्यांच्या पुडीचा कागद वाजू नये म्हणून पुडी अलगद खाली ठेवताना दिसतो.

मला कळायला वेळ लागला. व्हिडिओ सुरू झाला की मोबाइलवर कोपऱ्यात लाल ठिपका येतो. आणि लाल दिवा लागला की तोंड बंद, हे आमच्या हाडात मुरलेलं. टेक खराब करायचा नाही! कुणाचा टेक, कसला टेक, कोण बसलं होतं काचेमागे हात खाली करायला? जगात इतर सगळी माणसं कॅमेरा समोर आला की बोलायला लागतात. आम्ही दोघं मूर्ख, एकमेकांचे व्हिडिओ काढत श्वास रोखून उभे होतो. त्या दिवशी मला त्याचा राग आला, माझा आला, आणि त्या धंद्याचा तर इतका आला की मोबाइल पलंगावर फेकून दिला.

व्हॉइस मेसेज तरी असतील म्हणून बघितलं. एकही नाही. त्याला मी कितीदा म्हटलं होतं, टाइप करत बसण्यापेक्षा बोलून पाठव. तर म्हणायचा, “दिवसभर बोलायचंच काम करतो. आता अंगठ्याला करू दे की.” सगळे मेसेज लिहिलेले. ‘निघालो’, ‘दूध आणू?’, ‘पोचलो’. वाचताना मी ते त्याच्या आवाजात वाचत होते, पण तो आवाज माझ्या डोक्यातला. नणंदेला तो कसा देणार?

नणंदेच्या मुलाला, आमच्या भाच्याला, कळलं तेव्हा तो म्हणाला, “मामी, टेन्शन नको. मामाचा थोडासा आवाज दे, कुठलाही. आता मशीन त्याच्यावरून वाट्टेल ते बोलून दाखवतं. एकदम सेम टू सेम.” मुलगा चांगला आहे, कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे, मनापासून करत होता. मी त्याला सांगितलं, अरे, मामाचा स्वतःचा असा आवाज कुठे रेकॉर्डच नाहीये. तो म्हणाला, असं कसं, कार्टून आहेत ना, त्यातलं चालेल. मी नको म्हणायला हवं होतं. पण मलाही वाटलं, कोण जाणे, जमेल.

रविवारी दुपारी दहिसरला गेले. जुनी चाळ पाडून आता टॉवर झालाय आणि नणंद अकराव्या मजल्यावर राहते. भाच्याने मोबाइल टीपॉयवर ठेवला. नणंदेने पदर डोक्यावर घेतला, जसा आरतीच्या वेळी घेते. आणि मोबाइलमधून हिरवा राक्षस, गुरगुरत, घसा खरवडत, प्रेमाने म्हणाला, “ताई, जेवलीस का? मी बरा आहे.”

मग नणंदेने पदराने तोंड दाबलं. मला आधी वाटलं हसतेय. ती रडत होती. भाचा घाईघाईने म्हणाला, “थांब, सेटिंग चेंज करतो.” मी ओरडले त्याच्यावर. “बंद कर ते आधी! तो असा कधी बोलला होता का रे घरात?” बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. खरं तर आवाज हुबेहूब होता. राक्षसाचा.

परत येताना बसमध्ये मला ती जत्रा आठवली. त्याचा स्वतःचा आवाज एकाच ठिकाणी जगात राहिला असणार, गर्दीत. जिथे कुणी ऐकत नाही म्हणून तो आपल्या आवाजात बोलायचा, तिथेच. आणि आता तर जुने सिनेमे सगळे मोबाइलवर मिळतात. पूर्वी एखादा सिनेमा बघायचा तर तो लागेपर्यंत वाट बघायची. आता नाव टाकलं की समोर. घरी येऊन, चप्पल पायात तशीच, मी नाव टाकलं. आला. खाली लिहिलं होतं, ‘नव्या, स्वच्छ आवाजात’.

मला आनंदच झाला. स्टुडिओतले त्याचे जुने हेडफोन होते, ते लावले. सिनेमा पुढे सरकवत जत्रेपर्यंत आले. पाळणे फिरतायत, बांगडीवाला बसलाय, नायिका धावतेय. आणि मागे कुणीच नाही. म्हणजे माणसं दिसत होती, तोंडं हलवत होती, पण त्यांचा आवाज आमचा नव्हता. जुनी खरखर काढताना त्यांनी आमची जत्राही काढून टाकली होती आणि तिच्या जागी नवी, गुळगुळीत जत्रा घातली होती. दूरवर नळ चालू राहिल्यासारखी. त्यात कुणाची सासू नव्हती, कुणाचं पाणी गेलेलं नव्हतं. मी तीच जागा पुन्हा पुन्हा लावत बसले. आम्हाला कचरा समजून झाडून टाकलं, याचं दुःख मला तेव्हा झालं नाही, ते नंतर झालं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की आता खरंच गेला.

पण मी क्राउडवाली आहे. मला मागचं ऐकायची सवय आहे. नायिकेचं बोलणं त्यांनी जुनंच ठेवलं होतं. आणि सगळं एकत्र मिसळलेल्या जुन्या पट्टीतून आवाज उचलताना शब्दाच्या खाली चिकटलेलं थोडंफार मागचं राहतं, तव्याला धिरड्याचा तुकडा राहावा तसं. ती म्हणते, “भैया! भैया, कहाँ हो?” आणि त्या ‘कहाँ हो’च्या खाली, अगदी खाली, जरासा बसलेला आवाज होता. “...शीत गो?”

एवढंच. ‘लगीन’ गेलेलं, ‘माझ्याशी’ गेलेलं. पण शेवट उरला होता, प्रश्नाचा वर जाणारा शेवट. मी हेडफोन काढले, पाणी प्यायले, पुन्हा लावले. पुन्हा तेच. म्हणजे त्याचाच टेक लागला होता. सगळा संसार आम्ही ज्यावरून भांडलो ते मला कळलं आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, “बघ, तुझाच लागलाय.” फ्रिज घरघरत होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दहिसरला, पानं वाढून झाल्यावर, मी नणंदेला आत स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, ताई, आवाज आणलाय. तिच्या कानांना हेडफोन लावले, केस बाजूला करून. ती डोळे मिटून ऐकायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

“ही कोण बाई?” तिने विचारलं.

“तिच्या खाली ऐका. ‘कहाँ हो’ म्हणते ना, त्याच्या खाली.”

पुन्हा लावलं. पुन्हा. नणंदेने कपाळाला आठ्या घातल्या, हेडफोन हाताने दाबून धरले. मग डोळे उघडले. “मला नाही येत गो ऐकू. ती बाई नुसती भावाला हाका मारतेय.” आणि हे बोलताना तिचाच आवाज फाटला. मी हेडफोन काढून घ्यायला गेले तर तिने माझा हात धरला. “तुला येतोय ना त्याचो आवाज?”

“येतोय.”

“नक्की?”

“नक्की, ताई.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुरणपोळ्या मोजायला लागली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. पण मला जे ऐकू येतं ते तिला देता आलं नाही, आणि जगात दुसरं कुणी नाही ज्याला ते ऐकू येईल. मुलुंडला परत येताना मला इतकं एकटं वाटलं, तेवढं तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं.

त्याच आठवड्यात काम आलं. अंधेरीच्या स्टुडिओतून मेसेज, तिथे आता कोण बसतं मला माहीत नाही, आम्ही कधी भेटलो नाही. एका वेब सिरीजमध्ये बाजार आहे. मशीनची गर्दी तयार आहे, वरून बायकांचे थोडे आवाज हवेत, आजच्या आज द्या. दुपारी शेजारचा मिक्सर थांबला तशी मी कपाट उघडलं. आत गोधड्या टांगल्या आहेत आणि त्याचे शर्ट. नणंद मागे एकदा म्हणाली होती, देऊन टाक कुणाला तरी. मी तिला सांगितलं, ताई, शर्ट आवाज चांगला खातात, घुमू देत नाहीत, कामाचे आहेत. ते खोटं नाही.

डोकं आत घातलं. मोबाइलवर लाल ठिपका आला. श्वास रोखला. मग सुरू केलं. आधी म्हातारी झाले, मग कोळीण झाले, मग पोराला ओढत नेणारी आई झाले. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. हेडफोनात माझेच आवाज, आणि मी त्यांच्याशी भाव करतेय. शेवटच्या वेळी आणखी कोण व्हावं ते सुचेना. समोर त्याचा चौकड्यांचा शर्ट होता. बाजार चालू होता. मी आवाज खाली आणला, जरा मागे वळल्यासारखं केलं, आणि म्हटलं, “करीन की. केव्हाच सांगितलंय, तुझाच टेक लागला त्याला मी काय करू? जेवलास का रे? मी भेंडी केलीय. एकटीसाठी जरा जास्तच होते.”

पाठवून दिलं. भांडी घासून होईपर्यंत उत्तर आलं.

‘मॅडम, बाकी सगळं मस्त. फक्त शेवटचा आवाज गर्दीत मिसळत नाहीये. ती बाई खरंच कुणाशी तरी बोलतेय असं वाटतं, आणि समोरून उत्तर येत नाही. तेवढी एक बाई काढून पुन्हा पाठवता का?’